कानामागे

पिकीनमध्ये सकाळपासून वीज नाही.
आरसा दारात आणून ठेवलाय, उन्हाकडे तोंड करून.
समोरच्या गॅरेजातली पोरं तोच चहा
तिसऱ्यांदा उकळतायत,
आणि माझ्या खुर्चीत यांडे बसल्यात,
नवरीची आई.

नवरीला मी दहाच्या आत मोकळी केली.
विशीतल्या कातडीला लागतं काय!
आईचं तसं नाही.
आईच्या चेहऱ्यावर वीस वर्षांचं क्रीम आहे,
रोज रात्री दार लावून चोळलेलं.

कपाळ एका रंगाचं, मान दुसऱ्या.
गालांच्या हाडांवर निळसर करडे ढग,
हटणार नाहीत असे.
बोटांची पेरं तेवढी जुन्या रंगाला धरून बसलेली,
लग्नात रुसलेल्या काकांसारखी.

"सगळं एकसारखं कर, किने," त्या म्हणतात,
"व्हिडिओवाला येणार आहे."

मी नारिंगी डबी उघडते.
नारिंगी पाहून बायका दचकतात.
त्यांना वाटतं, झाकायला आले
आणि ही तर पेटवायला निघाली.
पण करड्या-निळ्याला नारिंगीच गिळतो.
हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही.
माझा मामा तियारॉयच्या किनाऱ्यावर होड्या रंगवायचा.
जुना निळा वर डोकवायला लागला की म्हणायचा,
पांढऱ्यानं दाबू नकोस,
राख होते त्याची.
त्याच्या समोरचा रंग दे त्याला, भांडू दे दोघांना,
मग गप्प होतात.

घासायचं नाही. टेकवायचं.
अनामिकेनं, कारण त्या बोटात जोर नसतो.
गाल पेटतो, मग विझतो,
मग फक्त गाल राहतो.

आता फाउंडेशन.
माझ्याकडे अकरा बाटल्या आहेत, उजळ ते गडद,
दोन पॅरिसहून आलेल्या, एक तळाला लागलेली.
हनुवटी सात नंबर मागते,
मान नऊ,
कपाळ पाच आणि सहाच्या मधलं काहीतरी.
"कुणाशी जुळवू?" मी विचारते.
त्या पाचवर बोट ठेवतात.
ते बोट नंबर अकराचं.

मी काही बोलत नाही. धंदा आहे.
स्पंज ओला करते, पिळते,
कपाळावरून जबड्याकडे, जबड्यावरून मानेकडे उतरते,
कडा दिसता कामा नये म्हणून
कानातला सोन्याचा जाड डूल बाजूला करते,
कान किंचित पुढे वळवते,

आणि थांबते.

तिथे एकही डाग नव्हता.
चिंचोक्यासारखा रंग,
तसाच गडद, तसाच तुकतुकीत,
दोन बोटं रुंदीचा,
जणू पन्नास वर्षं त्याला कुणी हाकच मारली नव्हती.
क्रीम पुढून लावतात. आरसाही पुढूनच पाहतो.

"काय झालं?"
मी हातआरसा मागे धरला. दोन आरसे जुळवायला वेळ लागला,
त्यांची मान कलली, माझी कलली,
ऊन एकदा डोळ्यात गेलं.
मग त्यांना दिसलं.

बाहेर पोरानं उंचावरून चहा ओतला,
पेल्यातून पेल्यात, फेस येईपर्यंत.
त्या बघत होत्या.

"माझी आई अशी होती," म्हणाल्या,
"पायाच्या नखापर्यंत."
आणि लगेच, जरा चिडूनच,
"आता पाच आण. उशीर होतोय."

मी पाच आणला.
दोन थर दिले, वर पावडर,
पेरांवर नारिंगी घासला, हो, तिथे घासावंच लागतं.
डोक्याचं रेशमी वस्त्र त्यांनी स्वतः बांधलं,
तीन वेढे, समोर गाठ.
शेवटी मी कानाकडे स्पंज नेला, कड मिळवायला,
तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिथे नको."

टॅक्सी आली. सगळ्या ओरडत बसल्या.
मी नळाखाली स्पंज धुतला.
आधी पाच नंबर सुटला,
मग बराच वेळ नारिंगी पाणी येत राहिलं.
बाटल्या पुन्हा ओळीनं लावल्या.
पाहिलं, दोनदा पाहिलं.
तो रंग माझ्या अकरांत नव्हता.